सुधीरची बाजू

बातमी आली ती नागपूरहून. शनिवारची सकाळ होती, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत एका गॅरेजमध्ये मी गाडीचं ऑइल बदलायला दिलं होतं आणि बाहेरच्या बाकड्यावर कॉफी घेऊन बसले होते. थोरल्या बहिणीचा मेसेज आला, 'तुमच्याकडे बाजारात गोळीबार झाला म्हणे. तुम्ही ठीक ना?' इतकी वर्षं या देशात काढल्यावर असल्या मेसेजचा मला रागच येतो. तिकडे टीव्हीवर काही दिसलं की यांना वाटतं, आमच्या अंगणातच झालं. मी फणकाऱ्याने लिहिलं, 'आम्ही ठीक. टेक्सास केवढं मोठं आहे, कल्पना तरी आहे का तुला?' माझी कॉफी संपायच्या आत सुधीरच्या बायकोचा, मेधाचा फोन आला. "संध्या, सुधीर पीच आणायला गेला होता," एवढंच ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला बोलवेना आणि मला विचारवेना. मागे कुणीतरी पाना आपटत होतं, तो आवाज तेवढा आठवतो.

मारणारा इथलाच, जवळच्याच गावात वाढलेला, विशीतला. इंटरनेटच्या कुठल्याशा कोपऱ्यात बसून त्याने ठरवलं होतं की आमच्यासारख्या दिसणाऱ्यांनी त्याचा देश बळकावला. याहून जास्त त्याच्यावर शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. त्या भाजीबाजारात दर शनिवारी सुधीर जायचा, शेतकऱ्यांशी तासन् तास गप्पा मारायचा आणि पिशवीभर पीच घेऊन यायचा. त्यातले निम्मे शेजाऱ्यांना वाटायचा. आता काही आठवडे उलटलेत. मेधाच्या स्वयंपाकघरात ती कापडी पिशवी अजून खिळ्यालाच आहे, कारण त्या दिवशी तो ती विसरून गेला होता.

सुधीर सांगलीचा, मी नागपूरची. इथल्या विद्यापीठात एम. एस. करताना एकाच लॅबमध्ये होतो. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "तुम्ही वादविवाद स्पर्धेत बोलायचात का?" मी म्हटलं, "आम्ही नागपूरकर स्पर्धेशिवायच वाद घालतो." तेव्हापासून आमचं जे जुंपलं ते त्याच्या शेवटच्या महिन्यापर्यंत. कॉलेजात त्याने वादविवादाच्या ढाली आणल्या होत्या, आणि तो किडा त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मेधा आली, त्यांची इरा झाली, त्यांनी प्लेनोत घर घेतलं, आणि पहिल्या वर्षीच या माणसाने गाडी उन्हात लावून गॅरेजात खुर्च्या मांडल्या. दर महिन्याला एका शनिवारी दुपारी कट्टा. पोहे, चहा आणि भांडण. गॅरेजचं शटर मात्र पूर्ण वर. आमच्या कॉलन्यांमध्ये शटर उघडं ठेवलं की सोसायटीच्या कमिटीची नोटीस येते, दिसायला बरं नाही म्हणून. त्याला तशा दोन-तीन आल्या. त्याने कमिटीच्या बाईंनाच पोहे खायला बोलावलं. समोरचे म्हातारे वॉल्टर तर कायमचे मेंबर झाले. मराठीचा एक शब्द कळत नसे, पण कुत्र्याला घेऊन कोपऱ्यात बसत आणि चिवड्याचा डबा संपवत.

कट्ट्याचे नियम दोनच. तुम्ही कुठल्या बाजूने बोलायचं ते तुम्ही ठरवायचं नाही, चहापत्तीच्या जुन्या स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. आणि आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू सांगायची, तीही अशी की समोरच्याने मान हलवून म्हटलं पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचंय." मान हलली नाही तर सुधीर शांतपणे म्हणायचा, "परत." राग नाही, आवाज नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं या एका शब्दाने घायकुतीला यायची. मी तर कितीदा उठून गेले असेन. "तुझ्या घरी पोहे खायला यायचं की परीक्षा द्यायला?" असं म्हणत गाडीपर्यंत जायचे आणि चप्पल तिथेच राहिली म्हणून परत यायचे. चप्पल मुद्दाम ठेवते असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

युरोपात कुणी गर्दीत गाडी घातली, इथे कुणी प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, की पुढच्या शनिवारी विषय तोच. असल्या माथेफिरूंचं या देशांनी करायचं काय? चिठ्ठी काहीही निघो, माझं खरं मत सगळ्यांना पाठ होतं. जो मारण्याची भाषा करतो त्याला भाषेवरच उचला. फोन तपासा. गर्दीच्या प्रत्येक दारावर बंदूकवाला उभा करा. उगीच गोड गोड बोलून काही होत नाही. सुधीरचं मत उलटं, पण लोकांना वाटायचं तसं भाबडं नव्हतं. एकदा माझी गाडी बंद पडली होती म्हणून तो मला ऑफिसातून घरी सोडत होता, तेव्हा हायवेवर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. "तुझ्या इराच्या कॉलेजात कुणी घुसला तर?" मी विचारलं. मला वाटलं, आता चिडेल. त्याने गाडी शांतपणे उजव्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाला, "पोलिसांनी पकडावं, कोर्टाने जन्मभर आत टाकावं, माझी ना नाही. पण त्याच्या भीतीने मी वॉल्टरला दारात उभं करून ओळखपत्र मागायला लागलो, तर त्याला जे हवं होतं ते मीच करून दिलं ना... आणि इराचं म्हणशील, तर मलाही झोप लागत नाही, संध्या." त्याला भीती वाटत नसेल, हा माझा समज त्या दिवशी गेला.

शेवटचा कट्टा वसंतात झाला. विषय पुन्हा तोच, कारण कुठेतरी पुन्हा तेच झालं होतं. डब्यातून सुधीरला चिठ्ठी आली 'कडक उपाय', आणि मला 'उघडं दार'. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मी उघड्या दाराची बाजू इतकी वाईट मांडली की वॉल्टरच्या कुत्र्याने जांभई दिली. आणि सुधीर... काय बोलला तो! माझी इतक्या वर्षांची सगळी बाजू त्याने माझ्याहून सुंदर मांडली. हात पसरून म्हणाला, "भीती परवडते, तिरडी परवडत नाही." कट्टा टाळ्यांनी दणाणला. बसताना माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "अक्षरही पटलेलं नाही हं. पण तुझं कसं असतं ते आज कळलं." त्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीचा एक नवा मुलगा उशिरा आला होता. त्याने ते भाषण मोबाइलवर घेतलं. चिठ्ठ्या आधीच काढून झाल्या होत्या, त्यामुळे व्हिडिओत चिठ्ठी नाही. फक्त सुधीर आहे.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो व्हिडिओ फिरायला लागला. डॅलसपासून पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूपर्यंत प्रत्येक मराठी ग्रुपवर. 'यांनी आधीच सांगितलं होतं.' खाली हात जोडल्याची चित्रं. मला माझ्याच मावसभावाने पुण्याहून पाठवला. कट्ट्यावरच्या आम्हा सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि कुणी काही बोलेना. काहींना वाटलं, आता काय फरक पडतो. काहींना मनातून बरंच वाटलं असावं. मला विचाराल तर तो व्हिडिओ म्हणजे माझ्या मनातलं सुधीरच्या तोंडून. जे झालं त्यानंतर तर मला ते दुपटीने पटत होतं. सुधीर आपल्या बाजूने आला, असं वाटून घेणं किती सोपं होतं!

मेधाकडे डबा घेऊन गेले तर ती जेवणाच्या टेबलाशी तोच व्हिडिओ लावून बसलेली. मी सांगायला तोंड उघडलं, "अगं मेधा, ते..." तिने हात वर केला. "मला माहीत आहे ते त्याचं मत नाही. मी काय त्याला ओळखत नाही? पण आवाज त्याचा आहे ना. याच्यानंतरचं माझ्याकडे काहीच नाही." मी तिच्या शेजारी बसून राहिले. आम्ही दोघींनी तो परत ऐकला. इरा मात्र जिन्यात उभी होती. ती ऑस्टिनला कॉलेजात आहे, बापाशी याच विषयावर फोनवर तासन् तास बोलायची आणि दोघांचं एकमत असायचं. ती मला अंगणात घेऊन गेली. "मावशी, डिड ही चेंज हिज माइंड? ऑर वॉज ही जस्ट बीइंग नाइस टु मी?" मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. तिने विचारलं, "देन व्हाय इज नोबडी सेइंग इट?" मी तिला म्हटलं, मी सांगेन सगळ्यांना.

शोकसभा फ्रिस्कोच्या हॉलमध्ये होती, जिथे आमचा गणपती बसतो. त्या गणपतीला आजवर कुणालाही वाट मोकळी असायची. रस्त्याने जाणारा आत येऊन मोदक खाऊन जायचा, आणि वॉल्टर तर आरतीला झांज वाजवायचे. मंडळाच्या अध्यक्षांनी सुधीरच्या फोटोला हार घातला, पडद्यावर तो व्हिडिओ लावला आणि डोळे पुसत म्हणाले, "सुधीरच्या इच्छेला मान देऊन आपण ठराव करूया." दारावर बंदूकधारी पहारा, आधी नाव नोंदवलेल्यांनाच प्रवेश, बाहेरच्या कुणाला नाही. माणूस वाईट नव्हता हो. घाबरलेला होता, आम्ही सगळेच होतो. ज्या दारातून आत आले त्या दाराकडे मीही सभाभर चोरून बघत होते.

मी उभी राहिले. मी म्हटलं, "हे सुधीरचं मत नाही. त्याला त्या दिवशी ही चिठ्ठी आली होती. त्याचं मत असं होतं की ज्याने मारलं त्याला धरा, कोंडा, पण दार बंद करू नका." मागून कुणीतरी बोललं, "आज तो असता तर बदललं असतं." मी म्हटलं, "असेल. पण तो नाहीये. म्हणून तर त्याच्या तोंडी काही घालता येतं." अध्यक्षांनी विचारलं, "मग ताई, तुमचा ठरावाला विरोध आहे का?" सगळे माझ्याकडे बघत होते. इराही. मी म्हटलं, "नाही. माझा पाठिंबा आहे. पहारा ठेवा, नावं नोंदवा, माझाही हात वर आहे. पण तो माझा हात आहे. सुधीरच्या नावाने करू नका." ठराव त्याचं नाव गाळून मंजूर झाला. यंदा गणपतीच्या दारात बंदूकवाला असेल आणि वॉल्टर घरी असतील.

बाहेर पार्किंगमध्ये इराने मला मिठी मारली, मग बाजूला झाली. "यू स्टिल वोटेड फॉर इट." मी हो म्हटलं. "ही वुड हॅव बीन सो मॅड." मी म्हटलं, "चिडला नसता ग. मला उभं करून त्याची बाजू सांगायला लावली असती." ती हसली नाही. गाडीत बसून निघून गेली, आणि ती मला पुन्हा मावशी म्हणेल की नाही याची मला खात्री नव्हती.

गेल्या शनिवारी मेधाचा मेसेज आला, 'पोहे केलेत.' बाकी काही नाही. मी पोचले तर गॅरेजचं शटर बंद होतं. ते सुधीर गेल्यापासून बंदच होतं. मी बाजूच्या दाराने आत गेले. खुर्च्या मांडलेल्या, स्टीलचा डबा टेबलावर, आम्ही पाच-सहाजणच. इरा ऑस्टिनहून आली होती, सुधीरच्या खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन, अगदी तो बसायचा तशी. मेधा भिंतीवरच्या बटणापाशी कितीतरी वेळ उभी होती. मला वाटलं, नको दाबूस. खरंच वाटलं. बाहेर रस्ता आहे, रस्त्यावरून कुणीही येऊ शकतं... तिने बटण दाबलं. शटर कुरकुरत वर गेलं, लख्ख ऊन आत आलं, आणि समोरून वॉल्टर कुत्र्याला घेऊन येताना दिसले. ते कधीपासून स्वतःच्या दारात उभे होते कोण जाणे.

मी डब्यात हात घातला नाही. म्हटलं, "आज चिठ्ठी नको. माझी बाजू सगळ्यांना माहीत आहे, मी आधी सुधीरची सांगते." आणि सांगायला लागले. दार उघडं का ठेवायचं, ते ठेवताना भीती का वाटते, आणि तरी का ठेवायचं. शोकसभेत बोलले त्याहून बरंच बरं बोलले असं मला वाटलं. बोलून झाल्यावर सवयीने त्या खुर्चीकडे पाहिलं, मान हलते का ते बघायला.

इराने मान हलवली नाही. माझ्याकडे रोखून बघत होती, डोळे भरलेले, पण आवाज अगदी शांत.

"परत," ती म्हणाली.

आणि मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.