अभिनंदन करणारी मुलगी

आमच्या ऋचाला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची बातमी घरात सगळ्यांत आधी मला कळली, आणि मी ती ब्लॉक केली.

तशी मी अडाणी नाही. ख्राइस्टचर्चला, हॉर्नबी उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. आमच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सारखं कुणी ना कुणी फोनवरून गंडवतं, म्हणून काउंटरवर मी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली आहे : 'फोनवर कुणी अभिनंदन केलं तर फोन ठेवा.' (पाटी इंग्रजीत आहे, पण दरारा पुणेरी.)

ऋचाला ऑकलंडच्या एका विद्यापीठात डिझाइन शिकायचं होतं. जागा मोजक्या, म्हणून निवडलेल्या मुलांना ते लवकर कळवतात, म्हणे. कसं कळवतात, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पोर्टल उघडावं तर 'अर्ज विचाराधीन आहे'. मध्येच ईमेल यायची, 'तुमच्या अर्जाविषयी महत्त्वाचं'. ऋचा श्वास रोखून उघडायची. आत काय, तर अर्ज भरण्याचा अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल? दुसऱ्यांदा, कॅम्पसवर फुकट सॉसेज आहेत, जरूर या. (एका सॉसेजसाठी विमानानं जायचं का?) पोरीचं जेवणात लक्ष लागेना. एकदा ताटावरून उठताना म्हणाली, "आई, दे कॅन जस्ट से नो. आय कॅन टेक अ नो." त्या विद्यापीठाचा मला असा संताप आला की काय सांगू.

आणि अर्जात नंबर होता माझा. ऋचाचा फोन कायम सायलेंटवर, तेव्हा माझाच दे, हा माझाच हट्ट.

त्या शुक्रवारी मला सुट्टी होती. बाहेर गरम वारा सुटलेला, मी दोरीवरच्या चादरीशी झगडत होते आणि फोन वाजला.

"किया ओरा! ऋचाच्या आई का? काँग्रॅच्युलेशन्स!"

नमस्कार इथला माओरी, पण उच्चार थेट आपल्याकडचा. मी चादर सोडली. "कशाबद्दल?"

"ऋचाला ऑफर आहे. आधी तिची जन्मतारीख सांगता का, खात्रीसाठी?"

"ती तुम्हालाच माहीत असेल की," मी इंग्रजीत म्हणाले.

ती थोडी अडखळली, मग एकदम मराठीत म्हणाली, "काकू, मी मृण्मयी. आडनाव बघितलं आणि वाटलं, मराठीतच बोलावं. मीही इथेच शिकते आणि ॲडमिशन ऑफिसात पार्ट टाइम काम करते."

घ्या. आता यांनी मराठी शाखाही काढली!

"काकू, आज पाचपर्यंत होकार हवा. नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल."

"घाई करायची, हीच तुमची पहिली खूण," मी म्हणाले. "अगं, इतकं गोड मराठी बोलतेस आणि हे धंदे करतेस? आईनं काही वळण लावलंय की नाही?"

"लावलंय ना, काकू. तुम्ही तिलाच विचारा. अंजली नाव तिचं, ऑकलंडात माउंट रॉस्किलला असतो आम्ही."

"तिलाही सामील करून घेतलंस?" एवढं बोलून मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. चादर वाऱ्यानं शेजाऱ्याच्या लिंबावर जाऊन बसली होती, पण मी खूश होते.

साडेतीनला ऋचा शाळेतून आली. नितीन, म्हणजे माझा नवरा, त्या दिवशी घरूनच काम करत होता. दोघांना चहाबरोबर मी सगळा पराक्रम सांगितला, आवाजासकट. नितीन हसला. ऋचा हसली नाही. तिनं फोन काढला. ईमेल आलेली होती : 'आज आम्ही तुमच्याशी फोनवर बोललो. पुढील कृती फोनवर सांगितल्याप्रमाणे करावी.'

"आई," ती म्हणाली, "व्हॉट डिड दे टेल यू टू डू?"

मी ब्लॉक काढला, उलटा फोन लावला. या नंबरवर फोन घेतले जात नाहीत. मुख्य नंबर लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग गिटार. पोर्टलवर? अर्ज विचाराधीन आहे. ऋचा खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली आणि रडायला लागली. माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं.

"त्या मुलीनं आणखी काही सांगितलं का?" नितीननं विचारलं.

"आईचं नाव. मीच विचारलं होतं."

नितीननं मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : 'माउंट रॉस्किलच्या अंजलीताई, मुलगी मृण्मयी, कुणाच्या ओळखीच्या? अर्जंट.' न्यूझीलंडातला अख्खा मराठी समाज जागा झाला. कुणी विचारलं, स्थळ बघताय का? गिटार अजून वाजतच होती. साडेचार होऊन गेले आणि नितीनचा फोन वाजला. त्यानं तो निखारा असल्यासारखा माझ्या हातात दिला.

"मी अंजली. माझ्या लेकीला वळण लावलंय का, असं विचारणाऱ्या तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले. "चुकलंच माझं. फार चुकलं. पण आधी माझ्या लेकीचं बघा हो, मग मला काय बोलायचं ते बोला."

त्या म्हणाल्या, "मृण्मयी ऑफिसातच आहे. थांबा, तिला जोडते."

"काकू," तोच गोड आवाज, "ऋचा आहे का जवळ? तिचा होकार तिच्याच तोंडून लागतो."

ऋचा नाक पुसत फोनवर "येस" म्हणाली. मग पुन्हा "येस, प्लीज" म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून आणखी रडली. मीही रडले. मृण्मयीला मी त्या दिवसापासून बाळा म्हणते. फोनवरच्या परक्या माणसाशी यापुढे सभ्यपणे वागायचं, असंही मी त्याच दिवशी ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. मुलाचा आवाज, आपल्याकडचाच. "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम, तुम्हाला बक्षीस लागलंय."

"थँक यू, बाळा," मी म्हणाले. "आई कशी आहे?" आई बरी होती. मी पर्समधून कार्ड काढून त्याला नंबर वाचून दाखवायला लागले, निम्म्यावर आले होते, तेवढ्यात ऋचानं फोन हिसकावला.

दुकानातली ती पाटी आता आमच्या फ्रिजवर आहे. ऑकलंडला जाण्याआधी ऋचानं तिची मराठी करून लावली, आणि खाली माझं नाव घातलं.