येडगाव ते ओझर, पळत

तुझा धाकटा भाऊ अजून जोडाक्षरांत अडखळतो, तेव्हा हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. गेल्या रविवारी त्याने फोनवर विचारलं, ताईच्या खोलीत भिंतीवर खिळे ठोकलेला चामड्याचा पट्टा कशाला टांगलाय? तू नुसती हसलीस आणि म्हणालीस, आजीला विचार. म्हणून पहिल्यापासून लिहिते. अर्धी हकिकत तू येण्याआधीची आहे, ती तुलाही नीट माहीत नाही.

तू मला लिहिलं होतंस की तुमच्याकडे वसंतात मॅरेथॉन आहे, सराव मोडून चालणार नाही. मुंबईला मावशीकडे समुद्राकाठी पळायची सोय आहे, म्हणून सुट्टीचे तीन आठवडे तिकडे आणि दोन दिवस आजीकडे. त्याखाली एक ओळ होती: तुझ्याकडे दहा किलोमीटरचा चांगला रस्ता असेल तर उलटं करू. रस्ता कसा हवा तेही होतं. नदीकाठचा, गाड्या नसलेला, वाटेत बघण्यासारखं काही असलेला. तू चार वर्षांत आली नव्हतीस. मी त्याच संध्याकाळी कोरी वही काढली.

शेजारी, म्हणजे ज्याची कांदाचाळ आपल्या कुंपणाला लागून आहे तो, माझा जुना विद्यार्थी. आता त्यालाही नातवंडं आहेत. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी रस्ता मोजला; कशासाठी ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपल्या फाटकापासून पाटाच्या कडेने नदीकडे, मग धरणाच्या पाण्याला धरून, मळ्यांमधून वळसे घेत थेट ओझरच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. दहा किलोमीटरला शंभर मीटर कमी पडले, ते देवळाला अर्धी प्रदक्षिणा घालून भरून काढले.

तुला पाठवलेला तक्ता मी आजही चुकीचा म्हणणार नाही. पहिल्या किलोमीटरवर बारव. पायऱ्या शाबूत, आत दोन विजेच्या मोटारी आणि एक कासव. तिसऱ्यावर वीरगळ. गाईगुरं वाचवताना मेलेल्या कुणा वीराचा दगड, खाली लढाई, वर स्वर्ग. गावाने त्याला शेंदूर लावून टाकल्यामुळे आता लढाई कुठली आणि स्वर्ग कुठला हे सांगावं लागतं. दूध गोळा करणारी गाडी तिथेच थांबते, म्हणून त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा एखाद्या किटलीचं झाकण असतं. पाचव्यावर जुना दगडी घाट, पाणी उतरलं की दिसतो. तिथून हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला शिवनेरी. शेजारी म्हणाला, "बाई, लिवा, शिवनेरी रोज दिसतो." मी लिहिलं, हवा स्वच्छ असेल तर.

एक चूक मात्र केली. रस्ता मी गाडीवरून मोजला. गाडीवरच्या माणसाने हात केला की भागतं. पायी माणसाला दारात थांबावं लागतं. पन्नास वर्षं इथे राहून हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मला वाटलं, दुसऱ्याला रस्ता सांगायचा तर आधी आपण थोडा तरी पळून बघावा. तू मागच्या खेपेला ठेवून गेलेले बूट घातले, पदर खोचला आणि सकाळी साडेसातला फाटकाबाहेर पडले. पळणं म्हणजे माझं पळणं. कोंबडीला माझ्यापुढे जायला अडचण आली नसती.

पहिल्याच घरापाशी दूध घालून येणाऱ्याने गाडी थांबवली. "बाई, बसा. कुटं सोडू?"

"कुठेच नाही. पळते आहे."

त्याने माझ्या मागे पाहिलं. उसाकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "किती लांब हाय?"

"ओझरपर्यंत. पण आज वीरगळापर्यंतच."

त्याने मान हलवली आणि गाडी वळवून गावाकडे भरधाव सोडली. मला वाटलं, समजलं त्याला.

इथे हे सांगायला हवं की आपल्याकडे माणूस विनाकारण पळत नाही. पोरं पोलीस भरतीसाठी पळायची, पण तीही आता शाळेच्या मैदानात गोल फिरतात, कारण उसात बिबट्या आहे. ही गंमत नाही. आसपासच्या गावांत माणसं गेली आहेत. गवताला वाकणाऱ्या बायका गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधतात, पूर्वी धनगरांच्या कुत्र्यांना बांधत तसा, कारण बिबट्या आधी मान धरतो. त्यामुळे चौऱ्याहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका पदर खोचून उसाच्या कडेने पळताना दिसली, तर तिच्या मागे कोण असणार हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

मी वीरगळापाशी पोचले तेव्हा काठ्या, ताटं आणि एक फटाक्याची माळ घेऊन पंचवीस-तीस माणसं तिथे माझ्या आधी हजर होती. दुपारपर्यंत पिंजरा आला. पुढच्या भागात बिबट्यासाठी सापळ्याचं दार, मागच्या कप्प्यात शेळी. पिंजऱ्याबरोबर आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी पंचनाम्याचा कागद काढला.

"बाई, तुमच्यापासून किती अंतरावर होता?"

"कोण?"

"बिबट्या."

"नव्हताच."

शेजारी साहेबांच्या कानाशी वाकला. "घाबरल्यात. पंधरा फूट लिवा."

"मी घाबरलेली नाही," मी म्हणाले. "माझ्या नातीला पळायला रस्ता हवा आहे. मी तो तपासत होते."

मग पहिल्या घरातली म्हातारी पुढे आली. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, बोलायला कुणाला न भिणारी. "सायेब, या बाईंना मी पन्नास वर्सं बगतीय. डोळ्यादेखत यष्टी सुटली तरी बाई कदी पळाल्या न्हाईत. उनातान्हात चालत घरी आल्या. लेकीच्या लग्नात आचारी आला न्हाई, तवा बी चालतच सांगाय आल्या. असली बाई उगा पळंल व्हय?"

प्रत्येक गोष्ट खरी होती. आयुष्यभर नीटनेटकं वागल्याचा असा उपयोग होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब सज्जन होते. त्यांनी बराच विचार करून लिहिलं: 'प्रत्यक्ष बिबट्या दिसून आला नाही, तथापि पळण्याचे अन्य कारण आढळून आले नाही.' मी वाक्य दोनदा वाचलं. त्यात चूक नव्हती. सही केली.

आता तुझ्या रस्त्याच्या तिसऱ्या किलोमीटरवर पिंजरा होता आणि त्याचा व्हिडिओ तुझ्या आईपर्यंत पोचला होता. त्या व्हिडिओत मी नव्हते, नुसती शेळी होती, पण खाली माझं वर्णन होतं. तुझी आई फोनवर म्हणाली, "ती दोन दिवस येईल, आई. आणि घराबाहेर पळणार नाही." मी म्हटलं, बरं. तक्त्याची वही कपाटात ठेवली. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी मी जेवले नाही.

शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगितलं. या वेळी त्याने ऐकून घेतलं. हातातल्या कांद्याचे मोड खुडून टाकले. मग म्हणाला, "म्हंजी ताईला पळायचं हाय, आन रस्ता न्हाई म्हनून ताई ऱ्हात न्हाई. आवं, मग आदी सांगायचं की राव. गाव कशाला हाय?"

पुढचं तुझ्या समोरच झालं, पण धाकट्यासाठी लिहिते. तू आलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी सात वाजता फाटकाशी ही मंडळी उभी होती: पुढे शेजाऱ्याची मोटरसायकल, हॉर्न सतत चालू. मागे टोमॅटोच्या क्रेटची पिकअप, तिच्यावर स्पीकर, स्पीकरवर हरिपाठ. पिकअपच्या मागे ताटं वाजवणाऱ्या चार जणी. आणि शेजाऱ्याच्या हातात तो पट्टा, आतून नवी फडकी शिवून मऊ केलेला. "ताई, आमच्या टिप्याचा व्हता. धुतलाय. तुमाला काय व्हनार न्हाई, पन बाईंना झोप लागंल." तुझ्या आईला फोनवर हा बंदोबस्त दाखवला. ती म्हणाली, "एवढ्या आवाजात बिबट्याच काय, मीसुद्धा जवळ येणार नाही. जा."

तू पळायला लागलीस. चारशे मीटरवर म्हातारी रस्त्याच्या मधोमध कपबशी घेऊन उभी होती.

"आदी च्या घे."

"आजी, मी थांबू शकत नाही. घड्याळ चालू आहे."

"मग त्याला बी देते. बस."

तू बसलीस. चहा झाला, शेंगदाण्याचा लाडू झाला, सुनेच्या बाळाला मांडीवर घेऊन झालं. स्पीकरवरचा हरिपाठ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. उठून दोनशे मीटर गेलीस तर दुसऱ्या घराची सगळी माणसं दारात. "तिकडं च्या घेतला, आमच्यात काय इख हाय व्हय?" तिथे पोहे. तिसऱ्या घरी ऊन चढलं होतं. त्या दिवशी आपला सराव एक किलोमीटर तीनशे मीटर झाला. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू केला, कारण मागच्या घरांचा मान झालेला होता आणि पुढच्यांचा राहिला होता. नऊशे मीटर झाले.

त्या संध्याकाळी तुझी बॅग भरलेली होती, सकाळची गाडी ठरलेली होती. वीरगळाअलीकडच्या मळ्यातला माणूस दारात आला आणि चप्पल काढून उभा राहिला. म्हणाला, "ताई, उद्या आमचा नंबर. पुरणासाठी डाळ भिजत घातलीया." आणि गेला.

तू मला विचारलंस, मी गेले तर काय होईल?

मी खरं ते सांगितलं. काही होणार नाही. कुणी शब्द बोलणार नाही. डाळ म्हशीला घालतील. एवढंच, की मला त्या दारावरून रोज जावं लागेल.

तू वहीतला तक्ता मागून घेतलास आणि बोटाने पुढची घरं मोजलीस. तुझ्या मावशीला फोन तूच केलास. काय सांगितलंस ते मला माहीत नाही, पण 'डाळ' हा शब्द दोनदा ऐकू आला.

एकोणिसाव्या दिवशी तू ओझरला पोचलीस. पायऱ्यांशी पट्टा सोडलास, तोवर मानेवर त्याची खूण पडली होती. अर्धी प्रदक्षिणा पळत घातलीस आणि उरलेली अर्धी चालत. मंडळींनी ताटं वाजवली. परत येताना सगळे पिकअपमध्ये बसलो. पिंजरा त्याच दिवशी उचलला, आत काही सापडलं नव्हतं. शेळी मात्र ओळखू येत नव्हती. तुझ्यासाठी थांबलेला प्रत्येक माणूस तिलाही काहीतरी घालत होता. मालक न्यायला आला तर ती दाराशीच अडकली.

सराव मोडला, हे मान्य. मॅरेथॉनमध्ये तुझा नंबर कितवा आला ते मी विचारलेलं नाही. तुझ्या आईने एवढंच सांगितलं, की पाणी देणाऱ्या प्रत्येक टेबलापाशी तू थांबलीस आणि त्यांच्या घरच्यांची चौकशी केलीस.

आता धाकट्यासाठी. त्याने विचारलं आहे की त्यालाही यायचं आहे, पण सुट्टी थोडी आहे, तर सायकल चालवायला रस्ता आहे का. सायकलवरून हात करून पुढे जाता येतं, म्हणून सायकल नको. पळत ये म्हणावं. पलीकडच्या काठाचं मोजमाप मी गेल्याच आठवड्यात केलं, या वेळी चालत. तिकडे घरं जास्त आहेत.