एकोणीस वह्या माझ्या हातच्या

"उभा राह. कोण्या गावचा?"

"सर, झरीकडचा."

"गावात राह्यते का पोडात?"

"पोडात, सर."

पालकसरांनी मान वर केली नाही. यादीत माझ्या नावापुढे पेन्सिलीनं एक अक्षर काढलं. सं. म्हणजे संथ. माझ्या मागचा पोरगा शहरातल्या वकिलाचा. त्याला गाव विचारलं नाही. "बाबा कसे हायत?" विचारलं आणि त्याच्या नावापुढे प्र काढला. प्रगत. कॉलेज सुरू होऊन चौथा दिवस होता. कसली परीक्षा नाही, काही नाही. दहा मिनिटांत वीस पोरांची डोकी मापून झाली. आमची कोलाम आदिवासींची वस्ती म्हणजे पोड. त्या विसात पोडातले आम्ही दोघंच, मी आणि शेवंता. दोघंही सं.

मी काय केलं? हसलो. गप्प राहणं मला जन्मापासून जमलेलं नाही. म्हणालो, "सर, संथ असतो तं वाघानं कधीच खाल्लं असतं. आमच्या पोडात रोज सकाळी वाघ येते. मी त्याले सतराचा पाढा म्हणायले लावतो. अडखळला का हाकलतो जंगलात."

वर्ग खदखदला. सरही हसले. "लय थापाड्या हायस बे तू!"

झालं. पेन्सिलीचं अक्षर निदान खोडता आलं असतं. हे नाव मी स्वतःच्या हातानं गोंदवून घेतलं.

पालक-प्राध्यापक हे काम कागदावर फार देखणं आहे. एकेका प्राध्यापकाकडे वीस पोरं. महिन्यातून एकदा प्रत्येकाला भेटायचं. कोणता विषय घ्यावा, कुठं अडतं, घरचं कसं आहे, हे विचारायचं. विषय बदलायचा किंवा प्रात्यक्षिकाची तुकडी बदलायची तर त्यांचीच सही लागते. आणि झालेली प्रत्येक भेट त्या त्या पोराच्या वहीत लिहून खाली त्याची सही घ्यायची. आमचे पालकसर वर्षातून एकदा भेटले. तो वर सांगितलेला दिवस.

मला मात्र रोज भेटायचे. अकराच्या चहाला स्टाफरूममधून हाक यायची. "ए थापाड्या, ये. आज का केलं तुया वाघानं?" मी दारात चपला काढायचो. दुसरं कोणी काढत नव्हतं. आत खुर्च्या रिकाम्या, मी उभा. आणि मग मी सुटायचो. आमच्याकडचा पाऊस एवढा दांडगा, की एका थेंबात बैलजोडी बुडाली. आमचा काका मोहाची पिऊन सागाच्या झाडाशी लगीन लावायला निघाला आणि झाडानंच नकार दिला. चहा नाकात जाईपर्यंत हसायचे सगळे.

माझा काका वनमजूर आहे. आयुष्यात त्यानं दारूचा थेंब घेतला नाही. पण हसू तिथंच यायचं, म्हणून मी रोज त्याला पाजत होतो.

त्याच दारात शेवंता उभी असायची. हातात अर्ज. तिची प्रात्यक्षिकं दुपारच्या तुकडीत, साडेपाचला सुटणारी. तिच्या पोडाकडे जाणारी शेवटची बस चारची. मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. सकाळच्या तुकडीत जागा होती. पालकसरांची एक सही पाहिजे होती. नऊ दिवस ती त्या दारात उभी राहिली. पाऊस मी फुगवून सांगितला असेल, हे नऊ दिवस फुगवलेले नाहीत.

एकदा सर म्हणाले, "कामात हाव ना आम्ही, दिसत नाही का तुले? उद्या ये." ते काम म्हणजे मी.

शेवटच्या दिवशी तर मीच बोललो. "सर, काकाले नाही म्हणलं ना, थे हेच झाड. पाहा कसं गपचिप उभं हाय." सगळे फिदीफिदी हसले. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मग अर्जाची चार पदरी घडी घातली आणि गेली.

दोन महिने तिनं प्रात्यक्षिकं अर्धवट टाकून बस गाठली. मग गैरहजेरी भरली. मग पटावरून नाव गेलं. मी तेव्हा स्टाफरूममध्ये अस्वलाची नवी गोष्ट रंगवत होतो.

परीक्षेच्या आधी बाहेरून तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजला रंग लागला. एवढा लागला की भिंतीला टेकलेला शिपाई आठ दिवस पिवळाच फिरत होता. पालकसरांनी मला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत नेलं. बरण्यांमध्ये औषधात बुडवलेली मुळं आणि बुरशा. दुपारीही तिथं दिवा लावावा लागे. टेबलावर वीस वह्या. कोऱ्या करकरीत.

"तुले गोष्टी जमते. लिही," ते म्हणाले.

कबूल करतो, मजा आली. तीन रंगांची पेनं घेतली. पानं चुरगाळली, दोन वह्यांवर चहा सांडला. वकिलाच्या पोराला मी अभ्यासाचा ताण दिला आणि ध्यान करायला सुचवलं. राजूरच्या खाणकामगाराच्या पोराला इंग्रजीची भीती दिली, चार भेटींत घालवली. स्वतःच्या वहीत लिहिलं, 'विद्यार्थी लाजाळू आहे, बोलता होत नाही.' पोरांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या सह्या ठोकल्या, एकानंही वाचलं नाही. तीन दिवसांत एकोणीस वह्या. पालकसर जगात झाले नसतील एवढे मायाळू झाले माझ्या हातून.

विसावी वही त्यांनी खाली ठेवली होती. ती वर काढली. शेवंताची.

"हे मी सांगतो तशी लिही." आवाज एकदम खाली. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती नाही, हा माणूस हळू बोलला की मानेवरचे केस उभे राहत. "थे पोरगी परत नाव घालून मागून राह्यली. प्राचार्यानं वही पाह्यतो म्हणलं. वहीवरून ठरवतीन. घे. तुकडी बदलून देण्याची तयारी दाखवली. विद्यार्थिनीने नकार दिला. तीन वेळा समजावले. शिक्षणात रुची नाही."

"आन् सही, सर?"

"तूच कर ना. तुमच्या पोडातल्या सह्या साऱ्या एकसारख्याच राह्यते."

मी पेन उचललं. त्यांनी सांगितलेली पहिली तारीख लिहिली, आणि हात थांबला. ती तारीख त्या नऊ दिवसांतली होती. त्या तारखेला शेवंता कुठं होती, मला पक्कं ठाऊक होतं. माझ्यापासून सहा हातांवर.

"नाही लिहत, सर."

"काहून?"

"खोटं हाय हे."

ते मनापासून हसले. "आन् एकोणीस लिहिल्या थ्या?"

मी पेन वहीवर आडवं ठेवलं.

त्यांनी उठून दार लोटलं. कडी लावली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "बस," म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं स्वतः खुर्ची सरकवली. त्या कॉलेजात पहिल्यांदा मला खुर्ची मिळत होती. "पाणी पी. मंग लिही. तुया प्रात्यक्षिकाचे मार्क माह्याजवळच हाय. आन् बाहेर जाऊन सांगशील कोणाले? थापाड्या तू. साऱ्या स्टाफनं वर्षभर ऐकलं तुले."

तेव्हा कळलं, मला रोज चहाला का बोलावत होते ते नव्हे, तर त्या चहात माझं काय काय गेलं ते. उद्या आग लागली म्हणून मी ओरडलो असतो, तरी लोक टाळ्या वाजवत बसले असते.

मी बसलो नाही. त्यांच्या हाताखालून कडी धरली, दार ओढलं, निघालो.

रविवारी शेवंताच्या पोडात गेलो. ती अंगणात तुरीच्या काड्या रचत होती. मला पाहून थांबली नाही.

"लय हसवत होता ना आत?"

"हो."

"मंग आता कायले आला?"

"वह्या म्या लिहिल्या, असं लिहून देतो कॉलेजात."

"तुयं कोण मानीन?"

"कोणी नाही."

काड्या टाकून ती आत गेली. तोच चार पदरी अर्ज घेऊन आली. उलटा करून दाखवला. मागच्या बाजूला नऊ तारखा. ज्या ज्या दिवशी उभी राहिली, त्या त्या दिवशी बसमध्ये बसून लिहिलेल्या. वेगवेगळ्या शाईनं, बसच्या हिसक्यांनी वाकडं झालेलं अक्षर. तीन पेनं वापरून, चहा सांडून मला जे जमलं नव्हतं, ते तिथं होतं.

"हे घे," ती म्हणाली. "पण मीबी येतो. तू एकटा गेला का गोष्टच सांगत बसशीन."

सोमवारी आम्ही दोघांनी वह्यांबद्दलचा लेखी अर्ज कॉलेजात दिला. आवक शिक्का मारून पोच घेतली. व्हरांड्यात पालकसर उभे होते. सगळ्यांदेखत, गोड आवाजात हाक मारली, "ये रे थापाड्या, चहा झाला." दोन-तीन जण हसले. मी गेलो नाही. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाला शून्य मिळालं. मी राहत होतो ती वसतिगृहाची खोली खाली करा, अशी चिठ्ठी आली. वकिलाचं पोरगं आता मला पाहून रस्ता बदलतं.

परवा प्राचार्यांच्या खोलीत चौकशी आहे. मी खोटं बोलतो, हे आधी मीच सांगणार आहे. कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या खोलीत, किती वह्यांत, तेही. दारात उभ्या पोरीला मी झाड म्हणालो, तेही. मग तारखा वाचणार. एकेक. हसले तर थांबणार, हसू संपलं की पुढची वाचणार. नऊच्या नऊ.

शेवंताचं नाव पटावर परत चढल्याशिवाय आम्ही त्या खोलीतून हलणार नाही. माझं कापलं तरी.