काही न करण्याचं काम

आमच्या ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवायला घारतात्या होता. छताखालच्या रुळांवरून क्रेन फिरे. तिला लटकलेल्या केबिनमधून तात्या सगळ्यांवर नजर ठेवी, म्हणून तो घार. मी खाली वजनाला साखळी लावायचो आणि त्याला हाताने खुणा करायचो. खूण ढिली झाली की तो वरून ओरडे, "खूण करतोयस की माश्या हाकलतोयस?"

एका सकाळी तो केबिनकडे जाणाऱ्या शिडीच्या मधोमध अडकला. छाती धडधडली. कसाबसा उतरला आणि मटकन बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग तात्या शिडीकडे बघेनासाच झाला; दुसऱ्या पाळीचा माणूस जादा थांबून क्रेन चालवू लागला. साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत वर चढ. नाहीतर गोदामात बसून हातमोजे वाट."

आमच्याकडे इलाजांना तोटा नव्हता. वेल्डर म्हणाला, डोळे मिटून चढ. भट्टीवाला म्हणाला, "साखळीला बांधून एकदाच वर टांगू. भीती मरेल."

"भीती नाही रे, मी मरेन," तात्या म्हणाला.

त्याची बहीण म्हणाली, "मनावर घेऊ नकोस."

"मी कुठे घेतलंय? तेच येऊन बसलंय."

शेवटी त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे धाडलं.

"गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणे," तात्या कुरकुरला.

"आणि बाई?" मी विचारलं.

"बाई ऐकतात. बोलून बोलून दमतो मी, आणि फी त्यांची!"

बाईंनी अभ्यास दिला. सुरक्षेचा पट्टा बांधून थोडी शिडी चढायची आणि तिथेच थांबायचं. भीती येईल, वाढेल, आपोआप ओसरेल. तोवर काहीही करायचं नाही. ती ओसरली की पुढच्या वेळी थोडं वर.

तात्या चढला. खिशातून चिंधी काढली आणि शिडी पुसू लागला. दुसऱ्या दिवशी बोल्ट आवळले. शिडी आरशासारखी लखलखली, भीती मात्र होती तिथेच.

बाई म्हणाल्या, "तुम्ही कामाआड लपताय. नुसतं उभं राहा."

"कामाच्या वेळेत नुसतं उभं? हरामाची भाकरी होईल ती!"

मलाही त्याचंच पटलं. रिकामा हात दिसला की मुकादम खेकसणार, ही आमची शाळा. मग आठवलं, आमच्या खुणांत बंद मूठ म्हणजे थांब. वजन अधांतरी असलं तरी पुढची खूण होईपर्यंत क्रेनवाल्याने बोट हलवायचं नाही. त्या थांबण्याला कोणी आळस म्हणत नाही. तेही कामच.

दुसऱ्या दिवशी तात्याने चिंधी काढताच मी खालून मूठ दाखवली. त्याने मुकाट चिंधी टाकली. घाम फुटला, धाप लागली.

"मूठ सोड, मेल्या!"

मी हललो नाही. हात वर धरून उभं राहणंही सोपं नसतं, करून बघा. त्याने माझ्या सात पिढ्यांचा ओळीने उद्धार केला. चौथ्या पिढीपाशी आवाज उतरला. मग म्हणाला, "अरे, त्या खांबावर कबुतराने घरटं केलंय." मी मूठ सोडली. असे आम्ही रोज थोडे वर सरकलो.

बाईंना कळल्यावर त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आता तुमचे मित्र खाली नकोत. नाहीतर ते असतील तरच तुम्ही चढाल."

म्हणजे माझीच छुट्टी! पण बोलणं खरं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तात्या एकटा चढला. मी बाहेर नळापाशी उभा. वेल्डर दारातून बघून सांगत होता.

"थांबला."

"मग?"

"अजून थांबलाय."

"काही करतोय का?"

"काहीच नाही."

"मग बरोबर करतोय."

वेल्डर मान वर करून बघत राहिला. मग आत क्रेनचा भोंगा वाजला. मी धावलो. तात्या केबिनमध्ये होता. चेहरा पांढराफटक, सदरा ओलाचिंब.

"गेली का रे भीती?" मी खालून ओरडलो.

"कसली जातेय! बसलीय शेजारी. बसू दे. तू साखळी लाव, सकाळपासून माल पडून आहे."