नामदेवचं दुसरं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी लिहिताना सारखा दाराकडे बघतोय — कुणी आलं तर?

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, आणि अठ्ठ्याण्णव साली कासार आंबोलीत एका डॉक्टरांच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. राहायला खोली दिली ती शेजारच्या सखूमावशीने. शेळ्या-मेंढ्यांचं घर. मुलगा एकच, नामदेव, माझ्याच वयाचा. मला कावीळ झाली तेव्हा मावशीने मला उसाच्या रसापासून मऊ भातापर्यंत सगळं हातात दिलं. माझी आई कुठे होती जवळ?

नामदेवला काही विचारलं की तो आधी गप्प राहायचा. मनात जुळवायचा, मग बोलायचा. बोलायचा ते चोख. एवढंच. एवढ्यावरून मी —

थांबा. आधी टपरीचं सांगतो. चहाच्या टपरीवर माझ्या बोलीची रोज टिंगल व्हायची. मी ‘का’च्या जागी ‘कामून’ म्हटलं की सगळे कोरसात ‘कामून, कामून!’ मीही हसायचो. एका सकाळी नामदेव मेंढरं घेऊन तिथून चालला होता. कुणीतरी काही विचारलं, तो नेहमीसारखा थबकला. मी म्हणालो, “मेंटल हाय ते!” बंगल्यावर सुट्टीला येणारी पोरं एकमेकांना म्हणायची, तिथून उचललेला इंग्रजी शब्द. टपरी हसून लोळली. पहिल्यांदाच माझ्यावर नाही. किती हलकं वाटलं, कसं सांगू?

शब्द गावात शिरला. आधी ‘म्येंटल’ झाला, मग ‘मेंट्या’. कुणी काढला ते लोक विसरले.

डॉक्टरांनी एकदा तो माझ्या तोंडून ऐकला. म्हणाले, “अरे, हा आमच्या दवाखान्यातला साधा शब्द. इडियटसुद्धा एकेकाळी डॉक्टरच वापरायचे, आजारासाठी. लोकांच्या तोंडी लागला आणि त्याची शिवी झाली.” मी मान हलवली. म्हणजे ती शिवी आहे हे मला माहीत नव्हतं, असंही नाही.

मग नामदेवला स्थळ आलं, धरणाकडच्या गावातलं. मुलगी त्याला आवडली होती. मला हळूच विचारायचा, “तिच्याशी काय बोलू रं? लई गप बसलो तर बरं दिसंल का?” इकडे पोरीकडचे होकार देण्याआधी गुपचूप चौकशी करतात. मुलीचा मामा फिरत फिरत बंगल्याच्या फाटकाशी आला. मी गुलाबांना पाणी घालत होतो.

“गावात इचारलं तर समदी भावकीच,” तो म्हणाला. “तुमी परमुलखातलं, तुमी खरं सांगाल. त्याला मेंट्या का म्हंत्यात? डोस्क्यात काय फरक हाय का?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘मीच चेष्टेत ठेवलं ते नाव, पोरगा सोन्यासारखा आहे.’ पण मामा ते जाऊन सांगणार, मावशीला कळणार, आणि मग माझी खोली? मावशीच्या डोळ्यांतली माझी जागा?

मी म्हणालो, “मला काय ठाऊक नाही बुवा. म्हणतात खरं.”

म्हणतात! कोण म्हणतात?

मामा आला तसा निघून गेला. स्थळ मोडलं. मावशी माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, “कुना मेल्यानं कान भरलं आसंल रं?” मी भाकरी खाल्ली. वर आणखी मागितली, संशय नको म्हणून.

त्यानंतर आलेली स्थळंही त्याच शब्दापाशी अडली. नामदेवचं लग्न झालं नाही.

आता दोन हजार दहा. मेंट्याचं ‘मेंटू’ झालंय. पोरं ‘मेंटूकाका’ म्हणत त्याच्या पाठीवर चढतात. मोबाइल उचलला की तो स्वतःच म्हणतो, “हां, मेंटू बोलतुया.” लोक म्हणतात, लाडाचं नाव आहे. त्यांच्यापुरतं असेलही.

काल टपरीवर चहा आला तेव्हा तो रस्त्यापलीकडे उभा होता. हाक मारायची होती. नामदेव म्हटलं असतं तर सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं असतं.

मी मेंटू म्हणालो. तो हसत आला आणि माझ्याशेजारी बसला.