चाळीसला एक कमी

आधी पाच किलोमीटर पळायचं, मग सायकलवर बोपदेव घाट चढून पठारावरून फिरून यायचं आणि खाली आल्यावर पुन्हा पाच किलोमीटर पळायचं, अशी ती स्पर्धा होती. घाटाखाली येवलेवाडीच्या पुढे मंगल कार्यालयाचं एक लॉन होतं. तिथे लोखंडी पाइपांवर आमच्या सायकली टांगलेल्या होत्या. आदल्या दिवशी लग्न झालं असावं, कारण स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या आणि त्यावर कुणाकुणाचे टॉवेल वाळत पडले होते.

नियम एकच महत्त्वाचा होता. नऊ वाजेपर्यंत सायकल लॉनवर परत आली, तरच शेवटचं पळायला सोडत. आदल्या वर्षी मी सात मिनिटं उशिरा पोचले होते. मला नंबर नको होता, वेळही नको होती. मला फक्त ते दुसरं पळणं पळायचं होतं.

ही गोष्ट मी सरांखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. सर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. त्यांनी मला कधी शिकवलं नाही. आमची ओळख तळजाईच्या टेकडीवरची. मी बिबवेवाडीहून सकाळी तिथे पळायला जात असे. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून कानात गाणी न लावताच नुसते इयरफोन घालत असे. एक दिवस मागून आवाज आला, "आपण पाय आपटू नका. टेकडीचं काही चुकलेलं नाही." मी वळून पाहिलं, तर पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेले एक साठीचे गृहस्थ मला मागे टाकून पुढे गेलेसुद्धा. 'आपण'चं 'तू' व्हायला चार महिने लागले. मी त्या चार महिन्यांत फार तर वीस वाक्यं बोलले असेन. सरांचं काही अडलं नाही.

स्पर्धेत सरांनीही नाव दिलं होतं. त्या दिवशी पहिलं पळणं नीट झालं. सायकलवर बसताना लक्षात आलं, की मनगटावरचं घड्याळ बंद पडलंय. रात्री चार्जिंगला लावलं होतं, पण भिंतीवरचं बटण चालू केलं नव्हतं. घाट चढले, पठारावर वळायच्या जागी आयोजकांच्या वहीत सही केली आणि घाटमाथ्यावर परत आले, तेव्हा पुढेमागे कुणीच दिसत नव्हतं. इथून लॉन म्हणजे सगळा उतार. मला पंधरा मिनिटं लागतात, हे सरावामुळे माहीत होतं.

कडेला एक शेतकरी पेरूंची पाटी घेऊन बसले होते. मी सायकल थांबवून विचारलं, "काका, किती वाजले? नक्की सांगा." त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "आठ एकोणचाळीस झाल्यात."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी वाचते, लिहिते, घरी मराठीतच भांडते. पण विसाच्या पुढचे मराठी आकडे मला येत नाहीत. कुणी मोबाईल नंबर मराठीतून सांगू लागलं, की मी फोनच पुढे करते आणि म्हणते, "तुम्हीच टाका ना, म्हणजे चुकणार नाही." हे इतकं सफाईने जमतं, की नोकरीच्या ठिकाणीही कुणाला पत्ता नाही.

तर घाटमाथ्यावर मी हिशेब केला. एकोणीस म्हणजे नाइन्टीन, म्हणजे 'एकोण' हे नऊ. शेवटी चाळीस ऐकू आलं. फॉर्टी-नाइन. आठ फॉर्टी-नाइनला पंधरा मिनिटं मिळवली, की नऊ वाजून चार.

मी सायकल कठड्याला टेकवली आणि बसले. खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. आता कुणी माझ्याकडे बघणार नव्हतं. पेरूवाले काका म्हणाले, "दमला काय, म्याडम? पेरू देऊ?" मी नको म्हटलं. खाली दूरवर पुणं धुरकट दिसत होतं. मी ते बघत बसले.

तेवढ्यात मागून सायकलवर सर आले. मला बघून थांबले, एक पाय खाली टेकवला.

"पंक्चर?"

"नाही. वेळ संपली, सर. एट फॉर्टी-नाइन तर कधीच होऊन गेले."

सरांनी मनगट माझ्यापुढे धरलं. काटे पावणेनऊच्याही अलीकडे होते.

"माझं घड्याळ मागे पडलंय म्हणतेस?"

"या काकांनी सांगितलं."

पेरूवाले काका उठूनच उभे राहिले. "म्या एकोणचाळीस म्हन्लं, साहेब! मोबाईलात बघून सांगितलं हाय!"

सर माझ्याकडे वळले. "एकोणचाळीस म्हणजे किती?"

"फॉर्टी-नाइन," मी म्हटलं. पण म्हणतानाच माझा आवाज बारीक झाला.

सरांनी हेल्मेट जरा मागे सरकवलं. मग म्हणाले, "तू पुलांची डिझाइनं करतेस ना? कुठले कुठले पूल, ते मला लिहून दे. मी लांबून जाईन." आणि मग एकदम ओरडले, "बस सायकलवर! अजून पंधरा मिनिटं आहेत!"

तो घाट मी कसा उतरले, ते मला सांगता येणार नाही. एका वळणावर टेम्पोवाल्याने मला शिवी दिली, ती मात्र आठवते. लॉनच्या फाटकात शिरले, तेव्हा नारिंगी टी-शर्टातल्या बाई स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या. "दोन मिनिटं राहिलीत. पळा, पळा!"

मी सायकल अडकवली, हेल्मेट काढलं आणि पळाले नाही. फाटकाकडे बघत उभी राहिले. सर उतारावर घाबरतात, ब्रेक धरून उतरतात. माझ्यामुळे ते वर थांबले होते. शिट्टी वाजली आणि त्यानंतर एका मिनिटाने सर आत आले.

"सॉरी काका, कट-ऑफ संपला," बाई म्हणाल्या.

"ते माझ्यामुळे थांबले," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दहा-बारा लोकांनी वळून पाहिलं. "मला एकोणचाळीस म्हणजे किती ते माहीत नव्हतं. मी बसून राहिले होते. मला उठवायला ते थांबले. नाहीतर वेळेत आले असते."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "ताई, खरं असेल तुमचं. पण नऊ म्हणजे नऊ."

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. "नऊ मराठीतही नऊच." त्यांनी शर्टावरच्या पिना एकेक करून काढल्या आणि छातीवरचा नंबराचा कागद बाईंच्या हातात दिला. "आता मी स्पर्धेत नाही. हा समोरचा रस्ता महापालिकेचा ना?"

"हो, पण..."

"मग मी फिरायला निघालोय. चल गं."

सायकलवरून उतरल्यावर पळताना पाय आपले नसतात. पहिला चढ मी जवळजवळ चालतच चढले. सर शेजारी होते, अर्धं पाऊल मागे. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "सर, एकोण म्हणजे नऊ नाही, तर काय?"

"एक उणे. चाळीसला एक कमी."

"मग एकोणीस?"

"विसाला एक कमी."

मी लहानपणापासून एकोणीस म्हणत आले होते आणि त्यात वीस लपलेत हे मला कधी दिसलं नव्हतं. "हे कुणी सांगितलंच नाही मला."

"तू विचारलंस कधी?" सर म्हणाले. टोमण्यासारखं नाही, साधंच.

शेवटची कमान दिसली, तसे सर रस्त्याच्या कडेला झाले. मीही थांबू लागले. "थांबलीस तर टेकडीवर ओळख देणार नाही," ते म्हणाले. मी एकटी कमानीखालून गेले. तोपर्यंत माइकवाले जेवायला बसल्यासारखे निवांत झाले होते. एका मुलीने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि मला रडू आलं. ते घामात खपून गेलं.

नाश्त्याचं कूपन नंबराच्या कागदाला खाली जोडलेलं होतं. सरांचा कागद तर बाईंकडे गेलेला. वाढणाऱ्या मावशींना मी म्हटलं, "एकाच प्लेटमध्ये द्या, पण चमचे दोन द्या." आम्ही लाल खुर्च्यांच्या स्टेजच्या पायरीवर बसलो. उपमा गार झाला होता. सरांनी आपला अर्धा भाग चार घासांत संपवला आणि "मीठ कमी आहे" असं म्हणत माझ्या बाजूचाही थोडा घेतला.