पिंपातला वास

मुलगा घरी ज्यांत बिअर करायचा, ती स्टीलची दोन पिंपं डिसेंबरच्या गारठ्यात मी न्हाणीघरात धूत बसलो होतो. कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला. पिंपं आता त्याचा मित्र नेणार आहे. काल मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, साबण लावू नका, बिअरचा फेस टिकत नाही. नुसतं कढत पाणी घाला, वास जाईपर्यंत."

पाणी ओतायचं, पिंप हलवायचं, नाक आत घालून बघायचं. आंबूस, शिळ्या पावासारखा वास. पुन्हा पाणी. गेलेल्या माणसाचे कपडे, पुस्तकं आपण आवरतो. पण त्याचा वास आपल्याच हातांनी धुऊन काढावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी पिंपं कोरी झाली. पण थंडीमुळे खिडक्या बंद, त्यामुळे वाफेबरोबर तो वास घरभर पसरला. पूर्वी या वासानं बायको वैतागायची, "घराचा नुसता गुत्ता केलाय! उघडा त्या खिडक्या!" सवयीनं माझा हात कडीकडे गेला.

"राहू द्या हो बंद," ती दारात येऊन म्हणाली. "थंडी आहे."

अंगावर तिच्या शालसुद्धा नव्हती.